गनमेटलचे बुश

कोल्हापूरहून गाडी बघायला आलेल्या गृहस्थांनी चहाला नको म्हटलं आणि खिशातून चुंबक काढलं. रुमालात गुंडाळलेलं. ते दारांवरून, मडगार्डवरून फिरवत त्यांनी गाडीला सावकाश एक प्रदक्षिणा घातली. चुंबक जिथे धरेना तिथे पत्रा गेलाय, वर पुट्टी आहे, असं समजायचं. पाच जागी धरलं नाही. बेळगावचे ४७-४८ पावसाळे अंगावर घेतलेल्या गाडीला पाच म्हणजे मला कमीच वाटले. पण मी पडले विकणारी, माझ्या मताला काय किंमत.

१९७८ ची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी फक्त कागदावर. आमच्या घरात, गल्लीत, मेकॅनिककडे ती फियाटच. नाव १९७४ सालीच बदललं होतं, आमच्याकडे ते कुणी मनावर घेतलं नाही. (गावाचं सरकारी नावही १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. आईच्या तोंडी अजून बेळगावच आहे, आणि गाडीच्या जुन्या आरसी बुकातही.)

आप्पांनी ती १९८७ मध्ये कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडून घेतली. आप्पा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर. फाउंड्रीतून आलेल्या ओतीव मालावर दिवसभर लेथ चालवायचा आणि संध्याकाळी गाडीखाली आडवं व्हायचं. ते गेल्यावर गाडी माझ्या नावावर करून घेतली. त्याला फॉर्म ३१ लागतो, शिवाय वारसाचा दाखला आणि सांगलीच्या बहिणीचं संमतिपत्र. आता ती दूधगंगेपलीकडे, महाराष्ट्रात जायची म्हणजे फॉर्म २८, २९ आणि ३०. नोंदणी पन्नास वर्षांची झाली की गाडीला सरकारदरबारी ‘व्हिंटेज’चा मान मिळतो, असा २०२१ चा नियम आहे. आमच्या गाडीला दोन वर्षं कमी पडली. म्हातारी झाली, पण मानाइतकी नाही.

चुंबक खिशात गेलं आणि डायरी बाहेर आली. “यात ओरिजिनल किती आहे?”

मी बॉनेट उघडलं. त्या अर्ध्या तासात मला कळलं की माझ्या वडिलांनी केलेली प्रत्येक गोष्ट गाडीची किंमत कमी करत होती.

चोकची मूठ. प्लास्टिकची होती ती तुटली तेव्हा आप्पांनी पितळेची बनवली. थंडीत बोट घसरू नये म्हणून वर बारीक नर्लिंगसुद्धा, म्हणजे खरखरीत खाचा, काढलं. “बदलावी लागेल.” डायरीत नोंद. मग गियर. या गाडीची गियरची दांडी स्टिअरिंगच्या खाली असते, आणि तिथून गियरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सांध्यांतले बुश, म्हणजे आत बसवलेल्या छोट्या नळ्या, झिजले की गियर मधेच अडकतो. मग ड्रायव्हरने खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि सळी हाताने हलवायची. खडे बाजारात ऐन दिवाळीच्या गर्दीत एकदा हे झालं. मागच्या सीटवर मी मान खाली घालून बसले होते, मैत्रीण दिसू नये म्हणून. त्याच आठवड्यात आप्पांनी गनमेटलचे बुश करून बसवले. पुन्हा कधी गियर अडकला नाही. “हे कंपनीचे नाहीत ना?” नाहीत. नोंद.

डिकीत एक लोखंडी कडी वेल्ड केलेली आहे. ती कशाला, हे त्यांना कळेना. ती पाण्याच्या कॅनची. सावंतवाडीहून परतताना आंबोलीचा घाट चढू लागलो की गाडी तापायची, पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि इंजिन मान टाकायचं. मग बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. कॅन आडवा होऊन पाणी सांडू नये म्हणून ती कडी. मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि लिहिलं.

मग विकायचीच कशाला? चालवायला कुणी नाही, हे एक. दुसरं कारण उसाचं. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपातला पडदा त्याने फुगतात, चिरतात. ते इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि ऊस म्हणजे आमचा जिल्हा. चिकोडी-अथणीकडच्या ट्रॉल्या ओव्हरटेक करताना आप्पांनी जन्मभर शिव्या घातल्या. ट्रॉल्यांनी असा डाव साधला.

गाडी गेली त्या दिवशी शेजारचे काका फाटकाशी येऊन म्हणाले, “विकूलालीस काय गं शेवटी?” मी हो म्हटलं. ते बराच वेळ टायरकडे बघत राहिले. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली याचा मला जरा रागच आला. एरवी तीनदा तरी नखरे करायची.

दोन महिन्यांनी कोल्हापूरहून पार्सल आलं. मिठाईचा डबा, पण जड. आत बुश, एक-दोन वॉशर आणि चोकची मूठ, सगळं रॉकेलने स्वच्छ पुसलेलं. सोबत चिठ्ठी: ओरिजिनल पार्ट मुंबईहून मिळाले, हे फेकवेनात. चिठ्ठीच्या मागे आणखी एक ओळ होती. नव्या बुशांवर गियर जरा ओढून पडतो, तुमच्याकडे काही युक्ती आहे का?

आईने बुश हातात घेऊन पाहिले आणि परत डब्यात ठेवले. चोकची मूठ मात्र ती घेऊन गेली. देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरची मूठ कधीची निघाली आहे, तिथे आता सुतळी आहे. पण आटे जुळेनात. दोनदा फिरवून पाहिलं तिने, चष्मा लावूनही पाहिलं.

“उद्यमबागेत जाशील तेव्हा ने बरोबर,” ती म्हणाली. “पाच मिनिटांचं काम आहे. फक्त पॉलिश करू नका म्हणावं.”