तुम्ही विचारलंत म्हणून: चेतकपाशी एवढा वेळ का?

गोव्यात आमच्याकडे पाहुणे आले की फेरी ठरलेली. मंगेशी, शांतादुर्गा, आणि बरोबर मुलं असतील तर बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय. तिथे सगळे सी हॅरियर या लढाऊ विमानाकडे धावतात आणि मी चेतक हेलिकॉप्टरपाशी रेंगाळतो. मग कुणीतरी विचारतंच, ‘अहो काका, या डबड्यात काय आहे एवढं?’

डबडं दिसतं खरं. पुढे काचेचा फुगा, एकच इंजिन, पायलट धरून सात माणसांची जागा. मूळचं हे फ्रेंच अल्युएत-३, १९५९ साली पहिल्यांदा उडालेलं. एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) परवाना घेऊन बंगळुरात बनवलं आणि ते चेतक झालं. खरी गंमत इंजिनात आहे. त्याची ताकद ८७० अश्वशक्तीची, पण वापरायला दिलेली फक्त ५७०. उरलेली शिल्लक अडचणीच्या हवेसाठी. १९६० साली हे यंत्र दोन माणसं आणि अडीचशे किलो वजन घेऊन हिमालयात सहा हजार मीटरवर उतरलं होतं. दाबोळीचा मे महिना म्हणजे हिमालय नव्हे, पण उकाड्यानेही हवा विरळ होते. आणि नौदलात याचं काम बचावाचं. बुडणाऱ्याला उचलायचं तर पुढे जाऊन चालत नाही, त्याच्या डोक्यावर एका जागी थांबावं लागतं. हेलिकॉप्टरची सगळ्यात जास्त ताकद खाणारं काम तेच.

जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवर १९६९ साली चेतकांचं ३२१ क्रमांकाचं पथक उभं राहिलं, टोपणनाव ‘एंजल्स’. सी हॉक किंवा अलिझे ही नौकेवरची विमानं उडायच्या आधी हे हवेत जायचं, जहाजाच्या बाजूने घिरट्या घालायचं आणि शेवटचं विमान डेकवर टेकल्यावर उतरायचं. एखादं विमान पाण्यात गेलंच तर काही मिनिटांत पायलटवर पोचायचं. पायलटला खालचा माणूस दिसत नाही. दारात ओणवा झालेला, दोर खाली-वर करणारं विंच चालवणारा माणूस ‘पुढे, अजून थोडं, डावीकडे, थांब’ असं सांगत राहतो आणि पायलट केवळ त्या आवाजावर यंत्र धरून ठेवतो. दोराला लटकून डायव्हर खाली उतरतो, पट्टा अडकवतो. बहुतेक दिवशी मात्र यातलं काहीच घडत नाही. इंधन जाळून परत यायचं, एवढंच. लढाऊ विमानांच्या पाट्यांवर पराक्रम लिहिता येतो, याच्या पाटीवर काय लिहिणार?

मी त्याचा भाट नाही. समुद्रावर एकच इंजिन म्हणजे ते बंद पडलं की वाचवणाराच पाण्यात. रात्री आणि खराब हवेत तर त्याची मर्यादा फार लवकर येते. १९७१ पासून मोठी सी किंग हेलिकॉप्टरंही आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये इथे आयएनएस हंसा या दाबोळीच्या नौदल तळावर ३२३ क्रमांकाचं पथक सुरू झालं ते दोन इंजिनांच्या, रडारवाल्या एएलएच मार्क-३ या देशी हेलिकॉप्टरांचं. पुढच्याच महिन्यात तौक्ते वादळ आलं. मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांना राहायचा सपाट तराफा, बुडाला. २६१ पैकी १८६ जण वाचले, आणि त्यात मोठा वाटा कोची, कोलकाता या युद्धनौकांचा होता. तसल्या वाऱ्यात हेलिकॉप्टरवर भिस्त ठेवता येत नाही, हेही पाहुण्यांना सांगतो. मात्र त्याच वादळात पालघरकडे अडकलेल्या गॅल कन्स्ट्रक्टर बार्जवरची माणसं तटरक्षक दलाच्या चेतकांनी उचलून आणली.

नवं तेवढं निर्धोक, असंही नाही. मार्च २०२३ मध्ये नौदलाचं एक एएलएच मुंबईजवळ पाण्यात उतरवावं लागलं, तिघेही वाचले. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्या अपघातानंतर सगळीच एएलएच जमिनीवर बसवली गेली. चेतकच्या जागी १११ नवी हेलिकॉप्टरं घ्यायला मंजुरी मिळाली ती २०१८ साली. मंजुरी आणि मशीन यांच्यात आपल्याकडे किती अंतर असतं, ते मी सांगायला नको.

सी हॅरियर २०१६ सालीच निवृत्त झालं, म्हणून त्याला संग्रहालयात बघायची घाई नको. तेवढा वेळ आधी चेतकला द्या, एवढंच माझं म्हणणं.