नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर

वसईत वाढलेल्या माझ्यासारख्यांना गोन्सालो गार्सिया म्हणजे आधी कॉलेज. हा माणूस कोण, हे तिथे असताना कधी विचारलंच नाही. ते कळायला नागासाकी स्टेशनजवळची निशिझाका टेकडी चढावी लागली. दिवस ६ फेब्रुवारी, वारा कान बधिर करणारा.

टेकडीवर लांबलचक दगडी चौकटीत ब्राँझचे सव्वीस जण ओळीने उभे आहेत. उभे तरी कसं म्हणू? पावलं खाली लोंबतात, टेकायला जमीनच नाही. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांचं हे १९६२ चं काम.

१५९७ च्या ५ फेब्रुवारीला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने या सव्वीस ख्रिस्ती लोकांना इथे क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. त्याआधी क्योतोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन हिवाळ्यात जवळजवळ ८०० किलोमीटर चालवत आणलं. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघेही त्यांच्यात ओढले गेले. वीस जण जपानीच होते. सगळ्यात लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा. चर्चमध्ये यांचा सण मात्र ६ तारखेला, कारण पाचवी आधीच संत आगाथाच्या नावावर होती. संतांनाही तारीख मोकळी मिळावी लागते!

यातला गोन्सालो आमच्या वसईचा. बाप पोर्तुगीज, आई वसईकडचीच. पोरवयात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला आला, भाषा शिकला, पुढे व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. १५९३ मध्ये फिलिपिन्सचे दूत म्हणून आलेल्या पेद्रो बाउतिस्ताचा दुभाषी तोच. मीही इथे मीटिंगांमध्ये दोन भाषांच्या मधे बसून पोट भरतो. चुकीचा शब्द गेला तर माझं फार तर एखादं काम हातचं जातं. हा थेट हिदेयोशीपुढे बोलत होता.

१८६२ मध्ये पोपने या सगळ्यांना एकत्रच संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

वसईला शेजारच्या काकूंना फोटो पाठवला. त्या गासच्या चर्चमधून, सणाची मिस्सा आटपून नुकत्याच घरी आल्या होत्या. लगेच व्हॉइस मेसेज आला, "अरे, सगळे सारखेच दिसतात. आपला कुठला?"

मलाही सांगता येईना. शेजारी जपमाळ घेऊन उभ्या असलेल्या आजींना विचारलं, "गोन्सारो-सान?" त्यांनी चष्मा वर केला, एका टोकापासून बोटाने मोजत आल्या आणि एकापाशी थांबल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "इंदो?"

"वसई," मी म्हणालो.