परशाची सुट्टी

काल रात्री झोपता झोपता सोन्यानं विचारलं, "आत्ती, परशाला सुट्टी कवा मिळते?"

मी पटकन बोलून गेले, "योद्ध्याला कसली सुट्टी रे!" तो काही बोलला नाही. पायाच्या बोटांत वाळलेली तांबडी माती नखानं खरवडत बसला आणि मग भिंतीकडं तोंड करून झोपला.

पाऊस लागल्यापासून माझ्या गोष्टीतला परशा त्या तांबड्या ग्रहावर एकटाच आहे. खरा मंगळ ओसाड, तिथली ९५ टक्के हवा कार्बन डायऑक्साइड, हे सोन्याला माहीत आहे. आमच्या मंगळावर मात्र मी भीमगडचं रान नेऊन ठेवलंय. सहा पायांचे गवे, अस्वलं, बारापेडेच्या गुहेतली वटवाघळं, सगळी परशाच्या जिवावर उठलेली. बाकीचं खरं सांगते. तिथं वजन पृथ्वीच्या ३८ टक्केच भरतं, म्हणून परशा एका उडीत ओढा पार करतो. फोबोस नावाचा चंद्र पश्चिमेला उगवतो. मावळतीला सूर्याभोवतीचं आभाळ निळं दिसतं. आणि वर्ष ६८७ दिवसांचं.

त्या ६८७ वरच पोराचं मन अडकलं असणार. पप्पांची सुट्टी वर्षाची वर्षाला येते, मग परशाचं काय?

मी असं का म्हटलं? दिवसभर तेच. रोप लावताना तेच, चुलीपुढं तेच. इतक्या रात्रींत मी परशाला वादळं दिली, जखमा दिल्या, घरचं एक माणूस दिलं नाही. त्याची वाट बघणारं कुणी नको, म्हणजे रडणारंही कुणी नको, असंच काहीतरी माझ्या मनात असेल. दादा गेला त्या दिवशी मी स्टेशनवर गेले नाही. असो.

आणि रोज मीच का सांगायचं? आत्तीला गोष्टी येतात म्हणून सगळे मोकळे. आत्तीला रात्री झोप लागत नाही, तिला कोण काय सांगतं? रविवारपासून फोन नाही. खिडकीत जिथं रेंज येते तिथं वहिनीचा मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो, आणि आम्ही दोघी त्या खिडकीकडं न बघता कामं करतो.

पण पोर विचारणारच. त्यानं नाही विचारायचं तर कुणी?

आज परशाला मी २२ किलोमीटर उंचीच्या डोंगरावर चढवलं. त्यानं 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी ठोकली, पण विरळ हवेत आवाज लांब जाईना. मग त्यानं तलवारीचं पातं उन्हात धरलं आणि घराकडं चमक सोडली.

"किती वेळात पोचती?"

"मंगळ अगदी लांब असला की २२ मिनिटं."

"मग घरातनं परत यायला आणि २२. म्हंजे ४४. परशा थांबला?"

"थांबला की."

"मीबी थांबतो." डोळे टक्क उघडे ठेवून तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. चार-पाच मिनिटांत झोपला. मी पांघरूण सारखं केलं आणि वळले, तर दारात वहिनी. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"आलं काय हो उत्तर, वन्सं?"

"अजून वेळ आहे," म्हटलं. ती आत येऊन सोन्याच्या पायाशी बसली. मग आम्ही दोघी घड्याळाकडं बघत बसलो.