दमट लोकर

पडवीतल्या खुंटीला लोकरीची पिशवी दिसली की पुण्याहून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "इथं कोण घालतं हे?" प्रश्न रास्त आहे. रत्नागिरीतली थंडी म्हणजे पौषातल्या चार-सहा पहाटा. पारा १८ वर आला की शेजारचे काका वर कानटोपी आणि खाली नुसता पंचा अशा थाटात अंगणात शेकोटीपाशी बसतात. दहा वाजता टोपी खुंटीला आणि काका घामाघूम. दापोलीकर थंडीची मिजास करतात, ती त्यांना शोभते. आम्हाला नाही.

तरी मी विणते. वैशाखात मात्र नाही. तेव्हा मांडीवरचा गुंडा म्हणजे मांजर येऊन बसल्यासारखं. बोटं घामेजतात, लोकर सुईला चिकटते, टाका पुढे सरकत नाही. माझा हंगाम आषाढ. बाहेर धो धो, दुपारीच अंधारलेलं, लाइट गेलेली. दोन सुलट, दोन उलट विणायला उजेड लागत नाही. सुलट टाका बोटाला गुळगुळीत लागतो आणि उलट टाका बारीक गाठीसारखा. आईच्या लोखंडी सुयांना मात्र एका पावसात गंज धरतो. पांढऱ्या टोपड्यावर तांबूस ठिपके उमटले तेव्हा कळलं. ते टोपडं मग चहाच्या पाण्यात रंगवून टाकलं. सुयांचे नंबरही तऱ्हेवाईक: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १२ नंबरची पावणेतीनच. नंबर वाढला की सुई बारीक, हे नव्या पोरींना सांगताना दरवेळी माझाच गोंधळ होतो.

आणि लोकर कोकणाला परकी आहे असंही नाही. आमच्याकडे ती थंडीची नव्हे, पावसाची. आजोबा लावणीला उतरायचे ते डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पुढे घोंगडी भिजायचीच, शेणाच्या पाटीएवढी जड व्हायची, पण आतला माणूस उबेत असायचा. दुकानातल्या अ‍ॅक्रिलिकला हे जमत नाही. त्याला कसर लागत नाही, एवढाच त्याचा गुण. खऱ्या लोकरीच्या ट्रंकेत मी वेखंडाचे तुकडे टाकते, त्यामुळे माझ्या सगळ्या भेटींना तान्ह्या बाळाचा वास येतो.

विणलेलं सगळं घाट चढून जातं. बाळंतविड्यातली टोपडी-मोजे पुण्याला, मफलर नाशकाला. भाच्यासाठी टोपी केली. डोकं ५४ सेंटिमीटर, पण टोपी ५० चीच धरायची. लोकर ताणते, नाहीतर टोपी डोळ्यांवर येते. १० सेंटिमीटरला २० टाके, म्हणजे १०० टाके. एवढा हिशेब मला जमतो. वहिनीचा काउल, म्हणजे गळ्यात घालायचा बंद गोल मफलर, मात्र फसला. गोल सुईवर टाके जोडताना पीळ पडला होता आणि तो मला चार बोटं विणून झाल्यावर दिसला. हा पीळ सोडवता येत नाही, उसवायचंच. मी उसवलं नाही. तसाच दिला. "हे डिझाइन कसं गं केलंस?" असं वहिनीने विचारलं, तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते, ती देतच राहिले.

स्वतःसाठी एकच शाल विणली, तीन पावसाळे लागले. रात्रीच्या गाडीच्या एसी डब्यात दोनदा पांघरली असेल. यंदा मोहोराच्या दिवसांत ती उन्हात टाकली होती. आमच्या वरच्या अंगाला आंब्याची बाग आहे, राखायला नेपाळी कुटुंब असतं. त्यातली बाई पाणी न्यायला आली आणि शालीपाशी थांबली. हातात घेतली ती आधी उलटी केली. विणणारं माणूस असंच करतं. मग एका जागी बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. टाका सुटून चौदा-पंधरा ओळी शिडीसारखा खाली उतरला होता. तीन पावसाळ्यांत मला दिसला नव्हता.

तिने अंबाड्यातली पिन काढली, उंबऱ्यावर बसली आणि एकेक आडवा धागा त्या टाक्यातून ओढत वर आली. वर आल्यावर दोन बोटांनी ताणून बघितलं, पिन परत खोचली. "दीदी, हाथ ढीला है," म्हणाली. तेवढ्यात वर वानरं आली म्हणून नवऱ्याने हाक मारली. शाल खांद्यावर टाकून ती तशीच धावली.

दुसऱ्या दिवशी परत करायला आली, तर मीच नको म्हटलं. पाऊस लागायच्या आत ती माणसं आपल्या गावी जातात. तिकडे डोंगरात खरी थंडी असते.