बिल झालेले, पण न वाजलेले सेकंद

२०१९ च्या सप्टेंबरची ३० तारीख होती, नवरात्राची दुसरी माळ. उत्तर महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या शहरात ज्या खासगी एफएम केंद्रावर मी काम करत होते, ते केंद्र त्या रात्री बारा वाजता नव्या मालकांच्या हाती जाणार होते. केंद्राचे नाव येथे देत नाही. सांगायचे आहे ते त्या एका दिवसाच्या हिशेबाविषयी.

माझे काम ट्रॅफिक विभागात होते. कोणती जाहिरात कोणत्या तासाला, कोणत्या ब्रेकमध्ये आणि कितव्या क्रमांकाने वाजेल याचा रोजचा लॉग तयार करायचा आणि ती वाजल्यावर जाहिरातदाराला प्रसारणाचे प्रमाणपत्र द्यायचे, असे त्याचे स्वरूप. रेडिओवरची वेळ दहा सेकंदांच्या भावाने विकली जाते. श्रोत्याला आरजेचा आवाज आणि गाणी लक्षात राहतात, परंतु केंद्राचे पोट या सेकंदांवर चालते, म्हणून त्यांचा हिशेब मी नेहमीच जिवापाड जपत आले.

सकाळी दहाच्या सुमारास नव्या मालकांच्या कार्यालयाकडून चालू ऑर्डरींची यादी आली. मध्यरात्रीनंतर हीच यादी नव्या प्रणालीत चढणार होती आणि १ ऑक्टोबरचा लॉग त्यातून निघणार होता. मी ती आमच्या लॉगशी ताडून पाहू लागले, तेव्हा एकामागून एक नावे गायब दिसली. दुपारपर्यंत आकडा स्पष्ट झाला: ४१ जाहिरातदार आणि ४१,२०० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेअकरा तास. या सर्वांचे पैसे आलेले होते, जाहिराती मात्र वाजायच्या राहिल्या होत्या.

कारण साधे होते आणि म्हणूनच घातक. यांतील बहुतेकांकडून, म्हणजे गणेशोत्सव ते दिवाळी असे एकत्र पॅकेज घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांकडून, आमच्या जुन्या व्यवस्थापनाने ऑगस्टमध्येच पूर्ण रक्कम घेतली होती, सवलतही दिली होती आणि पूर्ण रकमेचे बिल त्याच दिवशी फाडले होते. हिशेबाच्या वहीत ते उत्पन्न तेव्हाच जमा झाले. वास्तविक जाहिरात जसजशी वाजेल तसतसे उत्पन्न धरायला हवे आणि उरलेली रक्कम देणे म्हणून दाखवायला हवी. तसे झाले नाही, त्यामुळे कागदोपत्री या ४१ जणांचे काहीच बाकी नव्हते. नव्या यादीत बिल व्हायचे बाकी असलेल्या ऑर्डरीच घेतल्या होत्या.

या ४१ जणांत तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक दुकानदार होते. त्यांनी वीस सेकंदांचे १२० स्पॉट घेतले होते, म्हणजे त्यांची जाहिरात १२० वेळा वाजायची होती. ४८ गणपतीत वाजले आणि ७२ त्यांनी मुद्दाम राखून ठेवले होते, धनत्रयोदशीपर्यंतच्या सहा दिवसांत रोज बारा. मूळ बिलाची खातरजमा करायला मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दुकानात गेले. गल्ल्यामागच्या तारेला अडकवलेल्या कागदांतून त्यांनी बिल अचूक काढून दिले.

“ताई, मालक बदलतात असं ऐकलं. माझी जाहिरात वाजेल ना?”

“काका, त्याचसाठी धावपळ चालली आहे.”

“धनतेरस गेल्यावर वाजून उपयोग नाही बघा. लोक भांडं त्याच दिवशी घेतात.”

त्यांचे हे म्हणणे मी दिवसभर डोक्यात वागवत होते, कारण पैसे परत करून भागणारे हे प्रकरण नव्हते. गेलेली वेळ परत देता येत नाही.

दुपारभर पुराव्याची जुळवाजुळव चालली. परवान्याच्या अटीप्रमाणे केंद्राला आपल्या प्रसारणाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. हे काम करणाऱ्या यंत्राला आम्ही लॉगर म्हणतो. ट्रान्समीटर सांभाळणारे आमचे अभियंते आकाशवाणीतून निवृत्त होऊन आलेले होते. ते माझ्याबरोबर लॉगरसमोर बसले आणि कोणाचे किती स्पॉट खरोखर वाजले हे आम्ही नोंदींवरून आणि शंका आली तेथे प्रत्यक्ष ऐकून ठरवले. मध्येच त्यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीची आठवण काढली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झालेली ती कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले. तेव्हा श्रोते रेडिओसंचासाठी वर्षाला १० रुपये परवाना शुल्क भरत. “आगाऊ पैसे भरून बसलेला माणूस तेव्हाही होताच,” एवढेच ते म्हणाले आणि पुढची ध्वनिफीत लावली.

संध्याकाळी पाच वाजता नव्या मालकांचे व्यवस्थापक भेटले. त्यांची पहिली भूमिका अशी की हा जुन्या मालकांचा व्यवहार आहे. त्यांच्यापुढची अडचण खरी होती: विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला होते, प्रचाराच्या जाहिरातींची मागणी वाढत होती आणि प्रत्येक राजकीय जाहिरात अशा जाहिराती तपासणाऱ्या प्रमाणन समितीची मंजुरी घेऊन येत असल्याने ती मिळताच लगेच जागा द्यावी लागत होती. त्यातच दिवाळीचे मोठे जाहिरातदार. साडेअकरा तास बिनपैशांचे द्यायचे म्हणजे चांगल्या भावाचे सेकंद सोडायचे.

मी त्यांना एकच मुद्दा सांगितला. एफएमचा परवाना कंपनीच्या नावावर असतो आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानगीशिवाय तो दुसऱ्याला देता येत नाही; म्हणूनच आमच्या बाबतीत परवाना न हलवता कंपनीचे समभाग विकले गेले होते. २०१५ मध्ये एफएम परवान्यांच्या सरकारी धोरणाच्या तिसऱ्या टप्प्यात गेल्यावर मिळालेली १५ वर्षांची मुदत ज्या कंपनीची होती, तिच्याच शिक्क्याने काकांचे बिल फाडलेले होते. भागधारक बदलले होते, कंपनी तीच होती. परवान्याची उरलेली वर्षे तिच्याकडे राहणार असतील, तर उरलेले सेकंदही तिच्याकडेच राहतात. जुन्या मालकांकडून काय वसूल करायचे, तो त्या दोघांमधला प्रश्न होता.

व्यवस्थापकांनी दिल्लीला फोन लावला आणि तो बराच वेळ चालला. मग ते म्हणाले, “मॅडम, ज्यांचा पुरावा पूर्ण आहे, त्यांचे सर्व स्पॉट चढवा. वेळ बदलायची झाली तर जाहिरातदाराला विचारून बदला.” या निर्णयासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

रात्री साडेअकरापर्यंत मी ३९ ऑर्डरी हाताने नव्या प्रणालीत भरल्या. बारा वाजता केंद्राची जुनी ओळखधून शेवटची वाजली आणि पुढच्या ब्रेकनंतर नवी आली. आरजेच्या डोळ्यांत पाणी होते. माझे लक्ष पडद्यावर, पहिला ब्रेक बरोबर सुटतो की नाही याकडे होते. तो बरोबर सुटला.

२५ ऑक्टोबरला काकांचा बहात्तरावा स्पॉट वाजला. प्रमाणपत्र द्यायला गेले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी कागद न वाचताच तारेला अडकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

उरलेल्या दोघांचे मात्र मला जमले नाही. त्यांची पॅकेजे अक्षय्य तृतीयेपासूनची होती, मे-जूनचे ध्वनिमुद्रण लॉगरमधून पुसले गेले होते आणि प्रमाणपत्रांच्या प्रती आमच्या दप्तरात नव्हत्या. मला आकडे आठवत होते, पण आठवण पुरावा म्हणून चालली नाही. त्यांपैकी एका शिकवणीच्या संचालिकांना मी स्वतः जाऊन हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा आमच्याकडे जाहिरात दिली नाही. त्या महिन्यापासून प्रत्येक प्रमाणपत्राची एक प्रत मी वेगळ्या फायलीत ठेवू लागले.