एसएसडी नवी, लॅपटॉप तरी ढिम्म

आमच्या घरी लॅपटॉप चालू होण्याचं माप म्हणजे चहा. बटण दाबायचं, ओट्यापाशी जाऊन दोन कप आधण ठेवायचं, आणि चहा गाळून आणेपर्यंत डेस्कटॉप दिसला तर दिवस बरा जाणार असं समजायचं. लॅपटॉप 2016 चा. त्यावर मी घरबसल्या पाच-सहा छोट्या दुकानदारांचं जीएसटीचं काम करते. दर महिन्याच्या 20 तारखेला 3बी नावाचा रिटर्न भरायचा असतो आणि नेमका त्याच दिवशी हा गडी जास्तच अंग आखडतो.

शेवटी भाच्याने ऐकवलं, "मावशी, रॅमचं सोड, एसएसडी टाक. लॅपटॉप उडायला लागेल." एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. म्हणून कांजूरमार्गहून निघाले, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने तिथे रस्ता विचारून बघा.

दुकानातल्या पोराने मागचं झाकण उघडून जुनी 1 टीबीची हार्ड डिस्क काढली आणि तिच्या जागी 500 जीबीची एसएसडी बसवली. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या खाचेत कॅडी नावाची पत्र्याची चौकट घातली आणि जुनी डिस्क तिच्यात सरकवली. "ताई, ही फेकू नका, डी ड्राइव्ह म्हणून वापरा. डेटा जिथल्या तिथे राहील." मला पटलं. त्याने एसएसडीवर नव्याने विंडोज 10 टाकलं. विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, माझा सहाव्या पिढीचा, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. लॅपटॉप चालू करून दाखवला तेव्हा मी एका पार्टीशी फोनवर चलनाची भांडाभांडी करत होते. चूक माझी.

घरी येऊन चालू केला. चहाचं आधण ठेवून आले. स्क्रीनवर अजून कंपनीचा लोगो.

सासूबाई म्हणाल्या, "नवीन बसवलंस ना?"

फोनवर स्टॉपवॉच लावून मोजलं तर 1 मिनिट 52 सेकंद. आधी तीनेक मिनिटं लागायची, म्हणजे फरक पडला होता, पण एवढ्यासाठी ग्रँट रोडपर्यंत कोण जातं? गंमत म्हणजे एकदा चालू झाला की लॅपटॉप खरंच पळत होता. एक्सेलची जी फाइल उघडताना जांभई यायची ती आता क्लिक करताच समोर. जुनी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर एमबी वाचायची, ही साटा जोडणीची एसएसडी पाचशेच्या घरात वाचते. मग सुरू व्हायलाच काय धाड भरली होती?

पुढचे पंधरा दिवस मी विंडोजच्या मागे हात धुऊन लागले. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' टॅब उघडून एकेक प्रोग्राम बंद केला. चार सेकंद वाचले. फास्ट स्टार्टअप बंद करून पाहिलं, परत चालू केलं. त्यात एक कळलं ते सांगते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं, पण रीस्टार्ट दिला की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे एकदा शटडाउननंतर आणि एकदा रीस्टार्टनंतर वेळ मोजून तुलना करत बसलात तर डोकं फिरेल, माझं फिरलं. मग ट्रिम, म्हणजे एसएसडीवरची पुसलेली जागा मोकळी करणारी सोय, चालू आहे का ते पाहिलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्राममध्ये, डिस्कशी बोलण्याची पद्धत (साटा मोड) एएचसीआय आहे का ते पाहिलं. दोन्ही ठीक होतं. यूट्यूबवरच्या एका भाऊंनी सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवून द्यायला सांगितली. तेही केलं. ती सेटिंग प्रोसेसरवर मर्यादा घालण्यासाठी असते, वेग वाढवण्यासाठी नाही, हे नंतर वाचलं.

उकल झाली ती 19 तारखेच्या रात्री. एक वाजून गेला होता, शेवटची लोकल गेलेली, फ्रिजही नेमका गप्प. लॅपटॉप हँग झाला म्हणून बंद करून परत चालू केला, आणि त्या शांततेत ऐकू आलं: टक्... टक्... घर्र. थोडा वेळ काही नाही. परत टक्... टक्... घर्र. आवाज उजवीकडून, कॅडीच्या बाजूने येत होता. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ती आवाज करणार कशाने? हा आवाज जुन्या डिस्कचा. तेव्हा स्क्रीनवर नुसता लोगो होता, खाली गोल फिरणारे ठिपकेसुद्धा आले नव्हते. ते ठिपके विंडोजचे. म्हणजे विंडोज अजून जागंच झालं नव्हतं, आणि मी पंधरा दिवस त्याला दम देत होते.

चालू झाल्यावर पुन्हा तोच 'स्टार्टअप' टॅब उघडला. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: लास्ट बायोस टाइम, 81.4 सेकंद. बटण दाबल्यापासून विंडोजच्या हाती कारभार येईपर्यंतचा हा वेळ. रोज त्याच पानावर प्रोग्राम बंद करत होते आणि हा आकडा कोपऱ्यात बसून होता.

रिटर्न भरून झाल्यावर 21 तारखेला खालचा एक स्क्रू काढून कॅडी ओढून बाहेर घेतली आणि बटण दाबलं. वाटलं होतं, झालं काम. काळ्या स्क्रीनवर निरोप आला की बूट करण्याजोगं, म्हणजे विंडोज सुरू करून देणारं, डिव्हाइस नाही. कॅडी परत घातली, रडतखडत चालू झाला. म्हणजे विंडोज एसएसडीवर, पण त्याला उठवणारा बूट मॅनेजर जुन्या डिस्कवर! विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते स्पष्ट दिसलं. 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन', म्हणजे बूटच्या फाइल्स ठेवायचा छोटा कप्पा, जुन्या डिस्कवर होतं, नवीवर नव्हतंच. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं की इन्स्टॉलरला आधीचं ईएफआय पार्टिशन सापडतं आणि तो आपल्या बूटच्या फाइल्स तिथेच ठेवून देतो. भाडेकरू नव्या इमारतीत राहायला गेला आणि किल्ली जुन्या वॉचमनकडेच राहिली, तसं.

वॉचमन आजारीही होता. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने जुन्या डिस्कला पिवळा 'कॉशन' दाखवला. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्य नव्हतं. म्हणजे काही जागा डिस्कला नीट वाचता येत नव्हत्या आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. ती टकटक त्याचीच.

आधी डेटा काढला. रात्रभर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी लावून झोपले. सगळं आलं, फक्त दिराच्या लग्नाचे तीन व्हिडिओ आले नाहीत. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग दुरुस्ती. डिस्क मॅनेजमेंटमधून एसएसडीवरचा सी ड्राइव्ह 500 एमबीने आकसवला. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डिस्कपार्ट हे डिस्कचे कप्पे पाडणारं साधन चालवलं. इथे हात थरथरला, कारण डिस्कचा नंबर चुकला तर भलत्याच डिस्कवर कारभार होतो. आकारावरून ओळखलं: विंडोज 500 जीबीला 465 दाखवतं आणि 1 टीबीला 931. 465 वाली निवडली, मोकळ्या जागेत 260 एमबीचं ईएफआय पार्टिशन केलं, ते फॅट32 या मांडणीत फॉरमॅट केलं आणि त्याला एस हे अक्षर दिलं. डिस्कपार्टमधून बाहेर पडून बीसीडीबूट ही कमांड दिली: सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या बूट फाइल्स एसवर, यूईएफआय म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसच्या पद्धतीने. एका ओळीत उत्तर आलं की फाइल्स तयार झाल्या. एवढंच. पंधरा दिवसांचं दुखणं आणि एका ओळीचं औषध.

लॅपटॉप बंद केला, कॅडी काढली, बटण दाबलं. लोगो आला, लगेच ठिपके आले, पासवर्डची चौकट आली. बायोस टाइम 8.2 सेकंद, सगळं मिळून 23. हे मी तीनदा मोजलं, कारण पहिल्यांदा खरं वाटेना.

दुकानदाराला फोन केला. चिडून केला होता, पण तो म्हणाला, "ताई, तुमचा डेटा जाऊ नये म्हणून डिस्क लावूनच ठेवली." डिस्क आजारी होती यात त्याचा दोष नाही, आणि त्याचा हेतूही वाईट नव्हता. पण विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवायची आणि नंतर जोडायची, एवढं त्याने करायला हवं होतं. तसं मी त्याला सांगितलं. "हो हो," म्हणाला.

जुनी डिस्क आता कपाटात, दिवाळीच्या पणत्यांच्या डब्याशेजारी आहे. रिकामी कॅडी मात्र परत लॅपटॉपमध्येच बसवलीय. डीव्हीडी ड्राइव्ह भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि ते भोक उघडं ठेवलं तर आमच्याकडची झुरळं तिथे संसार थाटतील.