टाकी, तांब्या आणि पुकाकीचं तळं

न्यूझीलंडला निघताना सासूबाईंनी कुंद्याचे दोन बॉक्स बॅगेत घातले होते. मी ते काढून ठेवले. तिथल्या विमानतळावर खायची प्रत्येक वस्तू सांगावी लागते, न सांगता नेली तर जागेवर 400 डॉलर दंड. मध तर नेऊच देत नाहीत. दुधाच्या पदार्थाची जोखीम नको वाटली. त्यांना वाईट वाटलं, मलाही.

क्राइस्टचर्चला मोटरहोम घेतली. शेगडी, सिंक, पलंग, संडास, सगळं आत. गाडी समजावून देणाऱ्या मुलानं एक गोष्ट दोनदा सांगितली: चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी. एक रिकामी होते तशी दुसरी भरत जाते, आणि सांडपाणी रस्त्याकडेला सोडायचं नाही, डंप स्टेशनवरच ओतायचं.

पहिल्याच मुक्कामी, पुकाकी तळ्याकाठी, ह्यांनी नळ सोडून दाढी केली. रात्री भांड्यांना पाणी घ्यायला गेले तर पंप नुसताच घुर्रर्र करतोय. समोर एवढं मोठं निळं तळं, आणि आम्ही बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरतोय! सकाळी ट्वायझेलला जाऊन टाकी भरली, तेव्हा मी सांगून टाकलं, "आजपासून पाणी माझ्याकडे."

बेळगावला, टिळकवाडीत आमच्या गल्लीत नळ चार दिवसांनी येतो. पावसाळ्यात राकसकोप धरण भरलं का, हे आमच्याकडे चहाच्या आधी विचारतात. त्या घरात मी पंचवीस वर्षं भांडी घासली आहेत. आमटीचं पातेलं आधी पोळीच्या तुकड्यानं निपटायचं, ताटं कागदानं पुसायची. तांब्याभर गरम पाण्यात साबण घालून सगळी घासायची, आधी पेले, शेवटी तेलकट कढई. दुसऱ्या तांब्यात विसळायची, आणि तेच विसळलेलं पाणी पुढच्या घासण्याला. तांदळाचं दुसरं धुवण आमटीत. याच हिशेबानं टाकी तीन दिवस पुरली.

बाकीची शिस्त लवकर अंगवळणी पडली. निघताना गॅस बंद, कपाटांना खिट्टी, डाळ-तांदूळ मोठ्या गावातच भरून घ्यायचे. संडासाची पेटी रिकामी करायचं काम ह्यांनी शेवटपर्यंत न कुरकुरता केलं. हे मला इथं लिहायलाच हवं.

वानाकाहून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. खिडकीतून बर्फाचे डोंगर दाखवले, मग आतलं स्वयंपाकघर. त्या सिंकपाशीच थांबल्या.

"नळ गळतोय बघ गं. घट्ट कर की."

खरंच गळत होता.